उशाशी ठेवलेला दोर

‘कुठं ठेवला’ या रकान्यापाशी येऊन सुकेशनीचा पेन थांबला.

दोराच्या वहीत पाच रकाने होते. तारीख, कुठं नेला, कोण उतरलं, कुणी पडून दोराला झटका बसला का, आणि शेवटी कुठं ठेवला. चौथीत असल्यापासून ही वही तिच्या अक्षरात होती, कारण तिचे वडील अण्णा, म्हणजे सूर्यभान मास्तर, यांचं अक्षर दुसऱ्या दिवशी त्यांनाही लागत नसे. पुढं ती लातूरला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागली, तरी सुट्टीत वालूरला आली की अण्णांच्या गिर्यारोहण मंडळाच्या पोरांनी चिठ्ठ्यांवर लिहून ठेवलेलं वहीत उतरवून काढायची. चौदा नंबरच्या दोराची शेवटची नोंद मात्र अण्णांचे जुने जोडीदार किशनराव यांच्या हातची होती. मागच्या वर्षीचा जानेवारी. विहीर. एक मुलगी, जिवंत. झटका नाही. त्या मुलीला वर काढल्यावर अण्णा काठावर टेकले, पाणी मागितलं, आणि तांब्या येईपर्यंत गेले. वय बहात्तर. नोंदीत ते नव्हतं. त्याला रकानाच नव्हता.

त्यापुढं वर्षभराची जागा कोरी.

“माय, दोर वर्षभर कुठं होता म्हणून लिहू?”

गीताबाई खिरीसाठी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “माहीत न्हाई का तुला? उशाशी.”

“तारखेनिशी लिहावं लागतं. अण्णा गेले त्याच दिवसापासून?”

“लिही की उशाशी म्हणून. सगळ्या जिल्ह्याला माहीत हाय. येक तूच इचारायलीस.”

बोलणं तेवढ्यावर संपलं. पण सुपातला एक खडा त्यांनी दोनदा उचलून दोनदा परत सुपातच टाकला, आणि ते सुकेशनीनं पाहिलं. तिनं रकाना कोराच ठेवला आणि वही मिटली.

आज अण्णांचा पहिला स्मृतिदिन. अकराला भंतेजी येणार, त्रिशरण-पंचशील, मग जेवणं. दुपारी चारला सगळ्यांनी किशनरावांच्या शेतातल्या विहिरीवर जायचं, आणि चौदा नंबरच्या दोरावर सगळ्यात आधी आम्रपाली उतरणार. अण्णांची नात, सुकेशनीच्या मोठ्या भावाची, नागसेनची मुलगी, एकोणीस वर्षांची. त्यानंतर संध्याकाळच्या गाडीनं गोदातीर गिर्यारोहण मंडळाची सात जणं नाशिककडच्या एका सुळक्यावर जायची होती, त्यातही ती होती, आणि हाच दोर.

ही गोष्ट सहज जुळलेली नव्हती. नागसेन अकरा वर्षांचा असताना अण्णांनी त्याला विहिरीत सोडलं होतं, तेव्हा तो अर्ध्यावर लटकून रडला होता. त्या दिवसानंतर त्यानं दोराला हात लावला नाही, आणि पोरीनं लावू नये म्हणून दोन वर्षं घरात अबोला धरला. सत्यशीलावहिनी आतून पोरीच्या बाजूनं, पण नवऱ्यासमोर गप्प. शेवटी महिन्याभरापूर्वी मायच परभणीला गेली आणि म्हणाली, मी उशाशी ठेवलेला दोर देते पोरीला. त्यावर नागसेनचे डोळे भरून आले. म्हणाला, अण्णांच्या दोरावर जायची असल तर जाऊ दे. दुसऱ्या कुणाच्या दोरावर माझी पोरगी लटकणार नाही.

तेव्हापासून घरात सगळे सगळ्यांशी बोलत होते. इतक्या वर्षांत हे असं पहिल्यांदाच.

“ताई,” सत्यशीलावहिनींनी बाहेरून हाक दिली, “शेडातली ताडपत्री काढता का? भंतेजींच्या जागेवर ऊन यायलंय.”

शेड घराच्या मागं होतं. पत्र्याखाली खताच्या रिकाम्या गोण्या, फवारणीचा पंप, मोडकी सायकल, कोपऱ्यात नागसेननं नवा इन्व्हर्टर बसवताना काढून ठेवलेली जुनी बॅटरी. ताडपत्री बॅटरीच्या मागं होती. सुकेशनीनं ती ओढली तेव्हा तिच्यासोबत खाकी रंगाचं काहीतरी सरकलं.

तिनं ते लगेच ओळखलं. अण्णांच्या शाळेतल्या खाकी पँटीची मायनं शिवलेली पिशवी. दोर ठेवायची. वर लाल रंगात १४.

काल मायनं दोर दाखवला तेव्हा तो नव्या निळ्या पिशवीत होता. जुनी कुठं गेली विचारलं तर माय म्हणाली होती, मळली, टाकून दिली.

सुकेशनीनं पिशवी बंदानं धरून उचलली. वरचा भाग हातात आला आणि तळ जमिनीवरच राहिला. तिनं बोट लावलं तर कापड जुन्या पापडासारखं तुटलं. आवाजसुद्धा झाला नाही. बॅटरीच्या कोपऱ्याला चीर गेली होती, चिरेखाली पांढरा क्षार साठला होता, आणि फरशीवर त्याचा ओघळ थेट पिशवीच्या जागेपर्यंत आला होता.

 ती गोण्यांवर बसली.

वहीच्या पहिल्या पानावर नियम होते. अण्णांनी सांगितलेले, तिनं लिहिलेले, तेव्हा तिला ‘ऍसिड’ लिहिता येत नव्हतं म्हणून तो शब्द तीनदा खोडलेला. सातवा नियम: बॅटरीचं पाणी, फवारणीचं औषध, डिझेल यांच्याजवळ दोर ठेवू नये. ऍसिडनं खाल्लेला दोर वरून नवाच दिसतो.

*

ती मायच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि निळी पिशवी उघडली. दीडशे फुटांचा दोर तिनं मांडीवर घेतला आणि अण्णा तपासायचे तसा तपासला. डोळे मिटून, बोटाबोटानं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. डोळा फसतो, बोट फसत नाही, असं ते म्हणायचे. कुठं मऊ लागतं का, कुठं पोकळ, कुठं कडक. बाहेर कुणीतरी माइक तपासत होतं. हॅलो, हॅलो, जय भीम, हॅलो.

काहीच सापडलं नाही. दोर गार होता, स्वच्छ होता, त्याला साबणाचा वास होता. मधोमध अण्णांनी घातलेली निळी खूण थोडी फिकी पडली होती, एवढंच. सुकेशनीला वाटलं, काही सापडलं असतं तर बरं झालं असतं. सापडलेली गोष्ट दाखवता येते. आता तिच्याजवळ फक्त एक कुजलेली पिशवी होती.

दार वाजलं. माय आत आली, मांडीवरचा दोर पाहिला, मग बाजूला पडलेला खाकी तुकडा पाहिला, आणि मागं वळून दाराची कडी लावली.

“कुठं घावली?”

“बॅटरीमागं.”

माय भिंतीला टेकून उभी राहिली.  तिनं पदरानं तोंड पुसलं. “त्या दिवशी दोर घरला आला, माणूस न्हाई. किशनराव दोर माझ्या हातात देऊन रडायला लागले. मला वाटलं, ह्येच त्यो. चाळीस वर्षं असल्याच दोरांसंगं संसार केला त्येनं. मी शेडात गेले आन जोरात फेकला. कुठं पडला बगितलं बी न्हाई.”

“मग उशाशी?”

“पावसाळा लागायच्या टायमाला किशनराव आले की. म्हणले, वहिनी, मंडळाचा दोर हाय, न्यायचा का? आता मी काय सांगू त्यांना, फेकून दिला म्हणू? तोंडातून गेलं, उशाशी हाय, राहू द्या. त्यो माणूस लेकरावानी रडला. पुढच्याच हप्त्यात परभणीत शाल दिली मला, तू व्हतीस ना? माइकवर सांगितलं त्यांनी. टाळ्या वाजवल्या लोकांनी.” मायनं तो खाकी तुकडा उचलला. “शाल घिऊन आले त्याच दिशी शेडातून काढला. धुतला, वाळवला, उशाशी ठिवला. तवापासून उशाशीच हाय. ते खोटं न्हाई.”

“त्याआधीचे पाच महिने?”

“काय झालंय का त्याला? बग की. नवा कोरा दिसायलाय.”

“माय, तसाच दिसतो तो.”

माय खाली बसली आणि सुकेशनीच्या गुडघ्यावर हात ठेवला.  “आज नको सांगू. उद्या सांग, परवा सांग. आज समदं गाव हाय. नागसेन वरसभर म्हणायलाय, माझी माय बघा, माझी माय बघा. त्याच्यापुढं मला…” 

“आणि आमू चारला त्याच्यावर लटकणार.”

“तू काहीतरी कर,” माय म्हणाली. “शिकलेली हायस. माझं नाव न घेता काहीतरी कर.”

*

नागसेन मंडपाच्या दोऱ्या बांधत होता. सुकेशनी त्याच्याजवळ गेली आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, “दादा, आज विहिरीवर मंडळाचा सतरा नंबरचा वापरू दे का? चौदा नंबर नुसता काठावर ठेवू, हार घालू.”

“का?”

“जुना झालाय.”

“तीन वर्षांचा हाय. मला सांगायलीस? मंडळाच्या महारुद्रला विचारलंय मी. दोर पाच-सात वर्षं जातो.” त्यानं गाठ आवळली. “तुला काय खुपायलंय ते सांग. मायनं दोर माझ्या पोरीला दिला, ते?”

“तसं काही नाही.”

“वही तू लिहायचीस, लाडकी तू होतीस. मान्य. पण मागच्या वरसभरात माय इथं एकटी दोर उशाला घिऊन झोपायली तवा तू लातूरला होतीस. मी दर रविवारी यायलो. आता एक दिवस पोरीचं कौतुक होऊ दे की.”

 पुढं बोलायचं तर मायचं नाव आलं असतं. सुकेशनी ओसरीकडं वळली.

आम्रपाली ओसरीवर हेल्मेटला पट्टा शिवत होती. आत्याला पाहून हसली. नागसेनला ती बापू म्हणायची. “आत्या, बापू परत बदलले नाहीत ना? सकाळपासून मी त्यांच्या तोंडाकडंच बघायलेय. हा दोर म्हणजे माझं तिकीट आहे. दुसरा दोर म्हणालं की संपलं.”

“भीती वाटते का तुला?”

“विहिरीची नाही वाटत. बापूंची वाटते.” आणि ती पुन्हा हसली. तिच्या पुढच्या दोन दातांत अण्णांच्या दातांतली फट होती. सुकेशनीला तिथं उभं राहवेना.

*

वंदना झाली. भंतेजींनी पाणी ओतायला लावलं, पुण्यानुमोदन झालं. मग किशनराव उभे राहिले. अण्णांपेक्षा दोन वर्षांनी लहान, धोतर, काठी, माइकपासून कायम हातभर लांब.

“लोक हसायचे आमाला,” ते म्हणाले. “सूर्यभान मास्तर हिमालयात कोर्स करून आला आन म्हणला, गिर्यारोहण मंडळ काढायचं. लोक म्हणायचे, मास्तर, आधी परभणी जिल्ह्यात डोंगर काढा. मोठ्या गावातल्या मंडळांना पत्रं लिहिली. एकानं जुना दोर पाठवला, एकानं उत्तर दिलं न्हाई. जिंतूरच्या टेकड्यांवर शिकलो, पाण्याच्या टाकीवर चढलो. पण खरं मंडळ कुठं निघालं, ते सांगतो. आमच्या विहिरीवर निघालं.”

मंडपात पाणी वाढणारी पोरं थांबली. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, तरी थांबली.

“त्या विहिरीवर सूर्यभानच्या वडलाला आमी घागर लावू देत नव्हतो. वरून ओतायचो. पंच्याऐंशी साली माझी धाकली बहीण त्यात पडली. अख्खा वाडा काठावर उभा, उतरंना कुणी. सूर्यभान सायकलवरून आला, निंबाला दोर लावला आन उतरला. पोरगी वर आली. ह्यो वर आला आन म्हणला, पाणी द्या. माझ्या मायनं तांब्या भरला आन हातात दिला. वरून न्हाई. हातात.” त्यांनी डोळे पुसले. “डोंगर चढायला मंडळ काढलं आन चाळीस वर्षं विहिरीच उतरलो. सुळके एकोणीस. विहिरी दोनशे सहा. हिंदू, मुसलमान, बुद्ध, ज्याची असल त्याची विहीर. आन शेवटी त्यो पाणी मागूनच गेला, तांब्या पोचला न्हाई. पण त्याचा दोर त्याच्या माणसानं उशाशी ठिवला. वहिनी, तुमच्या पाया पडतो.”

बाया माय बसली होती तिकडं वळल्या. कुणीतरी हुंदका दिला. माय जमिनीकडं बघत होती. 

*

चार वाजता उन्हाला धार नव्हती. ज्वारी हुरड्याला आलेली, विहिरीभोवती तीनेकशे माणसं, पोरं निंबावर. साठ फूट खोल, दगडी बांधणीची विहीर. पाणी बऱ्यापैकी, पण पाण्यावर डोकावणारे दोन मोठे दगड. दोर मधोमध दुमडून निंबाच्या बुंध्याला घातला गेला आणि त्याची दोन्ही टोकं आत सोडली. टोकं पाण्याला लागल्याचा आवाज वर आला.

मंडळात एक रीत होती. उतरण्याआधी दोराचा नंबर पुकारायचा आणि तीनदा विचारायचं, दोराबद्दल कुणाला शंका? जमलेल्यांपैकी कुणीही, बघायला आलेल्या म्हातारीनंसुद्धा, शंका म्हटलं की तो दोर संपला. कारण विचारायचं नाही. शंका घेणाऱ्यानंच तो तिथं कापायचा आणि तुकडे गुरं बांधायला वाटून टाकायचे. ही रीत एक्क्याण्णव साली आली. जिंतूरच्या टेकडीवर दोर एका ठिकाणी घासलेला किशनरावांना दिसला होता. पण दोर मास्तरांचा, मास्तर बोलले नाहीत तर आपण कसं बोलावं, म्हणून ते गप्प राहिले. महारुद्र वीस फुटांवरून पडला. तो अजून लंगडत होता, आणि मंडळाचा कार्यवाह होता. विचारायचं काम त्याच्याकडंच असायचं.

“दोर नंबर चौदा,” महारुद्र मोठ्यानं म्हणाला. “दोराबद्दल कुणाला शंका?”

आम्रपाली काठावर पाठ करून उभी. कमरेचा पट्टा, कडी, डोक्यावर हेल्मेट. टाचा हवेत.

सुकेशनीनं मायकडं पाहिलं. माय बायांच्या पुढं उभी होती, दोन्ही हातांत पदर घट्ट धरून. तिनं नजर दिली नाही.

“दोराबद्दल कुणाला शंका?”

 सुकेशनीला एकदम वाटलं, कदाचित काहीच झालेलं नसेल. दोर धुतलाय. पिशवी सुती, दोर नायलॉनचा. ती पोरगी उतरेल, टाळ्या वाजतील, माय सुखानं जगेल, दादा आपल्याशी बोलेल. किशनरावही त्या दिवशी टेकडीवर असंच काहीतरी मनात म्हणत उभे राहिले असतील. नेमकं असंच. 

“शेवटचं विचारतो. दोराबद्दल कुणाला…”

“शंका,” सुकेशनी म्हणाली.

आवाज इतका बारीक आला की पुढच्या चार माणसांनाच ऐकू गेला. पण महारुद्रला गेला. त्यानं झटकन आम्रपालीचा पट्टा धरला आणि तिला काठावरून आत ओढलं.

“कोण? कोण म्हणलं?”

“मी.”

नागसेन गर्दीतून वाट काढत आला. “काय शंका हाय तुला? सांग. सगळ्यांसमोर सांग.”

“नागसेन,” किशनराव म्हणाले.  “कारण विचारायचं न्हाई.”

“तुमचा कायदा तुमच्यापाशी ठेवा, किशनकाका! बापाचा दोर हाय ह्यो. मायनं वरसभर उशाशी ठेवलाय. सकाळपासून हिचं चालू हाय, हा नको, तो नको. जळायलीय ती!”

“म्या येकदा गप्प बसलो व्हतो,” किशनराव म्हणाले. “त्या पायाकडं बग महारुद्रच्या. आन मंग बोल.” मग ते सुकेशनीकडं वळले आणि कंबरेचा कोयता काढून पुढं धरला. “घे बाई. रीत तुलाच करावी लागल.”

तिनं कोयता घेतला. दोर वर ओढून विहिरीच्या थारोळ्याच्या, पूर्वी मोटेचं पाणी पडायच्या, दगडावर ठेवला, पाच पाच हात मोजले आणि घाव घातले. पहिल्या घावाला दोर तुटला नाही. दुसऱ्याला तुटला. अण्णांच्या अंगाचा वास कधीच धुऊन गेला होता, हे बरं, असं तिला वाटलं.  तुकडा घ्यायला कुणी पुढं येत नव्हतं.

आम्रपालीनं हेल्मेट काढलं. “आत्या, मी तुझं काय वाईट केलं होतं?”

“चल घरी,” नागसेन तिला म्हणाला. “संपला विषय. दोर न्हाई, जायचं न्हाई. हिला विचार, कसं वाटायलंय आता.”

सत्यशीलावहिनींनी पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनीही सुकेशनीकडं पाहिलं नाही. बाया मायच्या भोवती गोळा झाल्या. पोटच्या पोरीनं असं करावं, कुणीतरी म्हणालं, ऐकू यावं अशा बेतानं. माय तशीच उभी.

शेवटी किशनरावांनीच खाली वाकून एक तुकडा उचलला. रीत अर्धी राहू नये म्हणून. त्यांचा दीड वर्षाचा गोऱ्हा गर्दीला बुजून बांधावर उड्या मारत होता. त्यांनी तुकडा त्याच्या गळ्यात घातला, दुसरं टोक निंबाच्या खालच्या फांदीला बांधलं आणि त्याच्या पाठीवर हात फिरवला. “हौ, हौ. घे, मास्तरचा दोर हाय. नशीबवान हायस.”

कुणाच्या तरी मोटारसायकलीनं हॉर्न दिला. गोऱ्ह्यानं मान झटकली.

टच् असा आवाज आला. सुताचा दोरा दातानं तोडावा एवढासा. गोऱ्हा सुटला आणि ज्वारीत शिरला. फांदीला अडीच हात दोर लोंबकळत राहिला.

किशनराव ते टोक हातात धरून बघत राहिले. वरचं वेष्टण धड होतं, आतले पांढरे धागे भुगा होऊन बाहेर आले होते. टोकापाशी निळी खूण होती. दोराची मधली खूण. उतरताना हीच जागा बुंध्याला येते, आणि सगळं वजन तिच्यावर.

महारुद्रनं दुसरा तुकडा उचलून पायाखाली धरून ओढला. टिकला. तिसरा टिकला. चौथा ओढला तो त्याच्या हातात सुटून आला, आणि तो मागं पडता पडता सावरला. 

नागसेन काठावर आला. त्यानं आत वाकून पाहिलं, त्या दोन दगडांकडं, आणि मग आम्रपालीचं मनगट धरलं. इतकं घट्ट की ती कळवळली. त्यानं सोडलं नाही.

“वही दे,” माय म्हणाली.

बाया बाजूला झाल्या. माय सुकेशनीसमोर येऊन उभी राहिली होती. “कुठला रकाना?”

“माय, राहू दे. कारण विचारायचं नाही.”

“त्यांनी न्हाई इचारलं. मीच सांगायले.” तिनं सुकेशनीच्या पिशवीतली वही काढून थारोळ्याच्या दगडावर ठेवली. लिहायला तिला अण्णांनीच शिकवलं होतं, प्रौढवर्गाच्या पाटीवर. एकेक अक्षर ती अजून पाटीवर लिहावं तसं दाबून लिहायची. तिनं लिहिलं, आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, कारण पाटीवरचंही वाचूनच दाखवायचं असायचं. “शेडात. बॅटरीपाशी. पाच महिने. मी रागानं फेकला. गीताबाई सूर्यभान.”

निंबावरची पोरं एकेक करून खाली उतरली.

 नागसेन मायकडं बघत राहिला, मग सुकेशनीकडं, मग खाली. “बॅटरी मीच ठेवली होती तिथं,” तो म्हणाला. “भंगारवाल्याला द्यायची म्हणून. दर रविवारी म्हणायलो, पुढच्या रविवारी.”

किशनरावांनी मायपुढं हात जोडले नाहीत या वेळी. नुसते तिच्या शेजारी जाऊन बसले.

 मग नागसेननं महारुद्रला विचारलं, “सतरा नंबरची सेलूतली वही आणलीय का?”

“हाय गाडीत, दोरासंगंच.”

“आन.”

त्यानं ती उभ्यानंच पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. एक ओळ, बोट ठेवून, मग दुसरी. आम्रपाली त्याच्या खांद्यावरून बघत होती. तिला अजून कळलं नव्हतं की हे हो आहे की नाही. “हा सेलूत कुणाच्या घरी होता?” त्यानं विचारलं. “कशाजवळ? कुणी बघितलंय?” महारुद्र सांगत गेला. गाडी सुटायला दोन तास होते.

सुकेशनी ज्वारीत गेली. गोऱ्हा थोड्या अंतरावर उभा होता, धापा टाकत. गळ्यात उरलेला दोर. तिनं गाठीला हात घातला आणि तेव्हा तिची बोटं थरथरायला लागली. सकाळपासून थांबवून धरलेलं सगळं त्या दहा बोटांत उतरलं. साठ फूट. ते दोन दगड. दातांतली फट. गाठ साधी होती, तिनं हजारदा सोडलेली. सुटेना.

मागून ज्वारीची ताटं मोडल्याचा आवाज आला. माय होती. तिनं सुकेशनीचे हात बाजूला केले, अंगठ्यानं गाठ मागं ढकलली आणि एका झटक्यात सोडवली.

“तुला येते?”

“चाळीस वर्षं समोर बसून बगितलंय.”

गोऱ्हा मान हलवत निघून गेला. मायच्या हातात दोन हात दोर राहिला होता. एक टोक कोयत्यानं कापलेलं, दुसरं भुगा झालेलं. तिनं तो झटकला, गुंडाळला आणि पदराखाली कमरेला खोचला.

“ह्यो आता ठिवते उशाशी,” ती म्हणाली.